बिनखटक्याचा बिगुल

ज्या वाद्याला एकही खटका नाही, ते तीन खटक्यांच्या वाद्यापेक्षा सोपं असणार, असा माझा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाम समज होता.

हा समज मी मनातच ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी तो सासुरवाडीत, भर पंगतीत, सासऱ्यांच्या तोंडावर बोलून दाखवला. आणि माझे सासरे पलटणीत बिगुल वाजवायचे.

आधी माझी ओळख करून देतो. माझं नाव बाळासाहेब. (नगर जिल्ह्यात साहेब व्हायला परीक्षा द्यावी लागत नाही, बारशातच काम होतं. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण साहेब तेवढेच आहेत.) श्रीगोंद्याकडे एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी कारकून आहे आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. आमच्या बँडमध्ये ट्रम्पेटवाले दोन. पहिला गाणं वाजवतो आणि दुसरा त्याच्या मागून मागून जातो. तो दुसरा मी. जिथं माझा सूर घसरतो तिथं ढोलवाला जोरात हाणतो. पंधरा वर्षांत माझी एकही चूक कुणाला ऐकू आलेली नाही, याचं सगळं श्रेय त्या ढोलाला आहे.

सासुरवाडीत मात्र हे कुणालाच माहीत नव्हतं. सोनईपासून सात-आठ किलोमीटरवरच्या त्या गावात मी 'ट्रम्पेटवाले जावई' म्हणून प्रसिद्ध होतो. बायकोला, म्हणजे मंदाला, खरी गोष्ट ठाऊक होती, पण माहेरी नवऱ्याची अब्रू झाकायची म्हणून ती गप्प बसायची.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो, त्यांची मुलं आबा. हवालदार म्हणून रिटायर झाले, पण बिगुल काही त्यांनी रिटायर केला नाही. घरात सगळं बिगुलावर चालायचं. पहाटे पाचला उठायचा बिगुल, दुपारी जेवायचा बिगुल. मामींना इतकी सवय झालेली की बिगुल वाजला की तव्यावरची भाकरी आपोआप खाली यायची. मग चार वर्षांपूर्वी गोठ्यात धार काढताना म्हशीनं मान झटकली आणि मामांचे वरचे पुढचे दोन दात गेले. बिगुलाची तोटी नेमकी त्याच दातांवर टेकते. दात नसले की नुसती हवा जाते. तेव्हापासून बिगुल देवघराशेजारच्या खुंटीला लटकला. "कवळी करून घ्या," म्हणून सगळे मागे लागले, तर मामा म्हणाले, "खोट्या दातानं खरा बिगुल वाजत न्हाई." म्हैस अजून आहे. दूध चांगलं देते म्हणून तिला कुणी काही बोलत नाही.

गेल्या वर्षी माझा मेव्हणा प्रकाश बावीस वर्षं नोकरी करून फौजेतून घरी येणार होता. आमच्याकडे असा जवान परत आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. उघडी जीप, हार, रांगोळ्या, बायकांच्या हातात ओवाळायची ताटं, आणि पुढे बँड. बँड आमचाच ठरला. गळीत हंगामाला अवकाश होता, म्हणून मी आठवडाभराची रजा काढून मंदाला घेऊन आधीच गेलो.

पहिल्याच दिवशी जेवताना मामांनी हातातला घास ताटात ठेवला.

"परकाश भरतीला गेला त्या दिवशी मी वेशीत हुबा राहून उठायचा बिगुल वाजवला हुता," ते म्हणाले. "आता त्यो माघारी येतोय. त्याच वेशीत त्योच बिगुल वाजाया पायजे, येवढंच माजं म्हननं हाय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी वाजवला. काही पोरं खोक्यातनं घरी गेली, त्यांच्यासाठी बी मीच वाजवला. माजं पोर धडधाकट घरी येतंय, आन् माज्या तोंडात दात न्हाईत."

मामी पदराला डोळे पुसायला लागल्या. अशा वेळी शहाणा माणूस आमटी ओरपतो. मी म्हणालो, "मामा, मी वाजवतो की. आपण तीन खटक्यांचं वाजवतो, त्यापुढं बिनखटक्याचं काय अवघड हाय?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. उठून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणं," ते म्हणाले, "माजी इज्जत तुमच्या हातात."

हात धुताना मंदानं मला गाठलं. "अहो, तिथं तुमच्या मागं ढोल नसंल," ती म्हणाली.

त्या क्षणापासून मला अन्न गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात शिकवणी सुरू झाली. मामांनी बिगुल खुंटीवरून काढला, पुसला, त्याची लाल-हिरवी गोंड्याची दोरी सारखी केली आणि माझ्या हातात दिला. मी तो तोंडाला लावला आणि माझी उजव्या हाताची तीन बोटं हवेतच खाली-वर व्हायला लागली.

"बोटं कशापायी नाचवताय?" मामा म्हणाले.

"सवय हाय."

"मोडा. ऐका. तुमच्या ट्रम्पेटात खटका दाबला की हवा लांबच्या नळीतनं फिरून येती, म्हून सूर बदलतो. हितं नळी येकच. न दाबायचं, न सोडायचं. पाच सूर हायत, पाची तुमच्या ओठात. ओठ आवळला की वर, सैल सोडला की खाली. आख्खी पलटन ह्या पाच सुरांवर उठती, जेवती आन् झोपती."

"एवढंच?" मी म्हणालो. (हे मी का म्हणालो हे मला आजही सांगता येत नाही.)

मी छाती भरून फुंकलं. जो आवाज निघाला त्याचं वर्णन मी करणार नाही, परिणाम सांगतो. ज्या म्हशीनं मामांचे दात पाडले होते, ती दावं तोडून शेजारच्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

चौथ्या दिवसापर्यंत पाचांपैकी तीन सूर यायला लागले. चौथा मला राग आला तरच यायचा. पाचवा आला नाही. मामा ओरडत नव्हते, हीच मोठी पंचाईत होती. ते नुसते म्हणायचे, "यील. परकाश यायच्या आत यील," आणि वळून गोठ्यात जायचे. तिथं ते दोन दात पडल्या जागी जीभ फिरवत उभे असायचे. मी पाहिलंय.

गावात तर फिरायची सोय राहिली नव्हती. दुकानात गेलो तरी, "पाव्हणं, बिगुल तुमी वाजवनार म्हनं?" दाढी करायला बसलो तर न्हावी म्हणाला, "ओठाला जपून करतो बरं का, तुमचं सगळं ओठावर हाय." मला रोज अर्धीच भाकरी जायची. मामींना वाटायचं त्यांच्या हातचं मला आवडत नाही, म्हणून त्या रोज आणखी एक भाकरी वाढायच्या.

अंगणात वाजवलं की शेजारपाजारचे ओट्यावर येऊन बसायचे. म्हणून पाचव्या दिवशी दुपारी मी बिगुल शर्टाच्या आत घातला आणि मामांच्या उसात जाऊन बसलो. पुरुषभर उंचीचा ऊस, आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. तिथं मी मनमोकळं वाजवलं. खालचे तीन सूर झाले, मग स्वतःचाच राग आणून चौथा काढला, आणि पाचव्यासाठी डोळे मिटून, ओठ आवळून, सगळा जीव एकवटून फुंकलं. आवाज घशातल्यासारखा घोगरा निघाला आणि शेवटी फाटला. मी पुन्हा फुंकलं, तसाच. पाच-सहा वेळा फुंकलं.

थोड्या वेळानं बांधावर माणसांचा गलका ऐकू आला.

"ह्याच सरीत हाय."

"मोठा असंल. कालवड धरली का काय बघा."

"काठ्या आना. फटाके आना."

आमच्या भागात बिबट्या उसातच राहतो आणि उसातच पिल्लं घालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी सोडून सगळ्यांना त्या वेळी तेच आठवलं. बाहेर पडून 'तो मीच' असं सांगावं, तर उद्या सगळं गाव म्हणणार की पाव्हण्याचा बिगुल बिबट्यासारखा वाजतो. आत बसावं, तर फटाके अंगावर पडणार. मी बिगुल पुन्हा शर्टाच्या आत घालून पोटाशी धरला, रांगत रांगत मागच्या पाटाकडून बाहेर पडलो, अंगावरचं पाचट झटकलं, एक काठी उचलली आणि लांबून वळसा घालून गर्दीत सामील झालो.

म्हणजे मी काठी घेऊन मलाच शोधत होतो.

"पाव्हणं, तुमी आवाज ऐकला का?" एकानं विचारलं.

"ऐकला," मी म्हणालो. "लई मोठा असावा."

"पोट कशापायी धरलंय?"

"भ्यानं."

दुसऱ्या दिवशी वन खात्याची गाडी आली. 'जावयांनी समक्ष आवाज ऐकला' म्हणून माझा जबाब घेतला आणि उसाच्या कडेला भला मोठा पिंजरा लावला. उसात कुणी जायचं नाही, अशी गावाला ताकीद दिली. माझा सराव बंद झाला. प्रकाश यायला एक दिवस राहिला होता, आणि पाचवा सूर कुठं होता ते देवाला माहीत.

मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली. बँडच्या टेम्पोबरोबर माझा ट्रम्पेट आलाच होता. खटका न दाबता ट्रम्पेट वाजवला की त्यातून बिगुलाचेच सूर निघतात, हे मामांच्या शिकवणीतूनच कळलं होतं. खरं तर त्यात माझा फायदा काहीच नव्हता. पण सवयीच्या तोटीवर मला पाचही सूर सापडत होते. बोटांना खाली टेकायला जागा मिळाली की जिवाला आधार वाटायचा. मी मंदाचा एक जुना ब्लाउजपीस घेतला, खटक्यांवर गुंडाळला, वरून बिगुलाची गोंड्याची दोरी करकचून बांधली. लांबून पाहिलं तर बिगुलच वाटत होता. खरा बिगुल पिशवीत घातला.

"मामा," मी म्हणालो, "वेशीत उभं राहण्यापेक्षा शेजारी ग्रामपंचायतीच्या गच्चीवरून वाजवतो. उंचावरून आवाज लांब जातो."

"डोकं हाय बरं का पाव्हण्याला," मामा कौतुकानं म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंदा माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहत होती.

जीप वेशीत आली तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं. प्रकाश वर्दीत उभा, गळ्यात हार. मामी ओवाळायचं ताट घेऊन पुढे. गावातले सहा माजी सैनिक छातीवर पदकं लावून एका रांगेत उभे. आणि सगळ्यांच्या पुढे मामा, कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर जुनी पलटणीची टोपी. आमचा बँड वाजत होता. मामांनी हात वर केला. आमच्या मास्तरांनी बँड थांबवला.

शांतता झाली. ट्रम्पेट हातात असताना इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मामांनी गच्चीकडे पाहिलं आणि सलामीला हात कपाळाला लावला. ते पाहून रांगेतल्या सहाजणांनी सलाम ठोकला. जीपमध्ये प्रकाशनं ठोकला.

मी फुंकलं. पहिला सूर बरोबर लागला. दुसरा लागला. तिसरा तर असा लागला की माझं मलाच खरं वाटेना. मग मी खाली पाहिलं. मामांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात खाली घेतला नव्हता. माझे ओठ कोरडे पडले, चौथा सूर हरवला, आणि घाबरलेली तीन बोटं ब्लाउजपीसखालच्या खटक्यांवर आपोआप दाबली गेली.

आता त्या बोटांना बिगुल माहीत नव्हता. पंधरा वर्षं त्यांना एकच काम पाठ. वरातीत पोरं ज्या गाण्यावर रस्त्यात लोळतात, त्या गाण्याची पहिली ओळ त्यांनी वाजवली.

बँडचा एक रिवाज असतो. ट्रम्पेटनं पहिली ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. कोण, कुठं, कशासाठी, हे कुणी विचारत नाही. वेशीखाली आमचे सतराजण उभे होते. मास्तर हातानं 'नको नको' करत होते, पण हात वर गेलेले पाहून ढोलवाल्याला वाटलं, हाच इशारा. त्यानं दणका दिला. क्लॅरनेटनं उचललं. आणि खोटं कशाला सांगू, इतक्या दिवसांनी पाठीमागे ढोल ऐकला आणि मला फार बरं वाटलं. मी डोळे मिटून आणखी जोरात वाजवायला लागलो.

डोळे उघडले तेव्हा गावातली तीस-चाळीस पोरं जीपपुढं धुळीत लोळत होती. मामींच्या ताटातलं निरांजन विझलं होतं. सहा माजी सैनिक तसेच सलामीत उभे होते, कारण हात खाली कधी घ्यायचा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मामा जागेवर नव्हते.

मामा जिना चढून वर आले होते. मी थांबलो. खाली बँडही थांबला. मामांनी माझ्या हातातून वाद्य घेतलं, दोरी सोडली, ब्लाउजपीस उलगडला आणि बोट ठेवून मोजलं. "येक. दोन. तीन." मग हळू आवाजात विचारलं, "पाव्हणं, माजा बिगुल कुठाय?"

त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. मी पिशवीतून बिगुल काढून दिला. त्यांनी तोटी शर्टाच्या टोकानं पुसली, कठड्याशी गेले आणि फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. खाली सगळे वर पाहत होते. मामांनी तोटी ओठाच्या कडेला सरकवली, जिथं बाजूचे दात अजून शाबूत होते, मान वाकडी केली आणि तिसऱ्यांदा फुंकलं.

एक सूर आला. सगळ्यात खालचा, थोडा थरथरता. मामांनी तो दम संपेपर्यंत धरून ठेवला.

प्रकाश जीपमधून उतरला, लोळणाऱ्या पोरांच्या मधून पुढे आला आणि वेशीत ताठ उभा राहून त्यानं बापाला सलाम केला. पोरं कपडे झटकत उठून उभी राहिली. मागे ढोल नव्हता, खटका नव्हता, आणि तो एकच सूर सगळ्या गावाला ऐकू आला. मी गच्चीवर खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. मला लाज वाटत होती आणि आनंदही झाला होता, त्यातलं कशाचं रडू येत होतं ते कळत नव्हतं.

दुपारी गावजेवणात मी खांबाआड बसलो होतो. प्रकाश ताट घेऊन शेजारी आला.

"दाजी, लई झ्याक वाजवलं," तो म्हणाला.

"कशाला लाजवतोस बाबा?"

"न्हाई, खरंच. बावीस वर्सं त्या बिगुलानं झोपंतनं उठवलं. जीपमदी बसल्यावर कळलं, आबा वेशीत त्योच वाजवायला लावनार. वाटलं, जीप माघारी वळवावी. तुमी लोळायचं लावलं तवा पटलं, की नोकरी संपली." मग त्यानं भातावर आमटी ओतली. "आन् आबांचा येक सूर बास झाला. त्योच पायजे हुता."

मामा वाढायला आले. माझ्या ताटात त्यांनी आठवणीनं दोन लाडू ठेवले, म्हणून मला वाटलं मिटलं सगळं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "उद्या पहाटं पाचला अंगनात. दोन सूर राहिलेत तुमचे."

त्याला आता वर्ष होत आलं. सासुरवाडीला गेलो की रोज पाचला उठावं लागतं. शेजाऱ्यांनी हात जोडल्यामुळे मामा मला आता उसातच पाठवतात. तिथला ऊस तुटून कारखान्याला गेला, बुडख्यांतून खोडवा वर आला, पण पिंजरा अजून जागचा हललेला नाही. वन खात्याचा माणूस अधूनमधून येऊन विचारतो, "काय हवालदार, आवाज येतो का अजून?"

आणि मामा, सगळं माहीत असून, अगदी सरळ चेहऱ्यानं सांगतात, "येतो की. जावई आले की हमखास येतो."